ग्रंथखरेदी : बिल आणि कपाट

मार्च महिना संपत आला म्हणजे वऱ्हाडांतील गांवोगांवच्या वाचनालयांत एक ठराविक देखावा दिसतो. बाहेर उन्हाचा ताव चढलेला असतो. आंत टेबलावर सुतळीनें बांधलेले पुस्तकांचे गठ्ठे येऊन पडलेले असतात. ग्रंथपाल घाईघाईनें दाखल-नोंदवहींत आंकडे चढवीत असतात, आणि कार्यवाह बिलावर सही करण्यासाठीं चष्मा शोधीत असतात. कारण ३१ मार्चच्या आंत अनुदानाचा पैसा खर्ची पडला पाहिजे. चार दिवसांनीं तीं पुस्तकें कपाटांत जातात, आणि आपल्या घरांतील कोणी तरी मासिक बदलावयास गेला म्हणजे 'नवीं पुस्तकें आलीं आहेत' अशी वार्ता घरीं घेऊन येतो. तीं कोणीं निवडलीं, कोणत्या दरानें घेतलीं, मागितलीं तींच आलीं कीं दुसरीं, हा प्रश्न मात्र आपणांपैकीं फारसें कोणी विचारीत नाहीं. आज त्याच प्रश्नाविषयीं आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

विषय रूक्ष आहे हें आम्हीं जाणून आहों. परंतु घरांत वर्षाची तूरडाळ भरतांना पोतें उघडून, मूठभर डाळ तळहातावर पसरून पाहिल्याशिवाय आमच्या आजी-सासूबाईंनीं कधीं पैसे दिल्याचें आम्हांस आठवत नाहीं. दुकानदार कितीहि ओळखीचा असो, डाळ पाहिल्याशिवाय हिशेब होत नसे. आणि त्यांत त्या दुकानदाराचा अपमान झाला असें त्यालाहि कधीं वाटलें नाहीं. सार्वजनिक वाचनालय हें आपलेंच मोठें घर. तेथें मात्र पुष्कळदां पोतें न उघडतांच पैसे चुकते होतात.

पूर्वीं या व्यवहारास लेखी नियमांची फारशी गरज भासत नसे. वऱ्हाडांत वाचनाची आवड जुनी आहे. १९१२ सालीं अकोल्यास हरि नारायण आपटे यांच्या अध्यक्षतेखालीं साहित्यसंमेलन भरलें. १९२३ सालच्या मकरसंक्रांतीस विदर्भ साहित्य संघाची स्थापना झाली ती अमरावतीस. अमरावतीचें नगर वाचनालय आणि अकोल्याचें बाबूजी देशमुख वाचनालय यांनीं तर शंभरी केव्हांच ओलांडली आहे. त्या पहिल्या काळांत वाचनालयें वर्गणीदारांच्या व देणगीदारांच्या पैशांवर चालत. वर्गणी देणारा, पुस्तक निवडणारा आणि तें वाचणारा, हे बहुधा एकाच आळींतले. कित्येकदां एकाच घरांतले. पुस्तक वाईट निघालें तर कार्यवाहांस दुसऱ्या दिवशीं देवळाच्या पायरीवरच जाब द्यावा लागे. लोकांची नजर हाच त्या वेळचा नियम होता.

पुढें हें चित्र पालटलें. ग्रंथालयांसाठीं कायदा कोल्हापूर संस्थानानें १९४५ सालीं केला. मद्रास प्रांतानें तो १९४८ सालीं केला व त्यांत ग्रंथालयासाठीं वेगळा कर बसविला. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ सालचा. त्यांत असा कर नाहीं. सरकारनें दरवर्षीं निदान २५ लाख रुपये ग्रंथालय-निधींत घालावे, अशी तरतूद त्यांत केली गेली. मुख्य गोष्ट ही कीं, गांवोगांवचीं वाचनालयें सरकारनें आपल्या ताब्यांत घेतलीं नाहींत. तीं स्थानिक संस्थांचींच राहिलीं. १९७० च्या नियमांप्रमाणें त्यांस मान्यता द्यावयाची, अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग पाडावयाचे, आणि वर्गाप्रमाणें अनुदान द्यावयाचें, अशी ही व्यवस्था आहे. मुंबईस ग्रंथालय संचालनालय, अमरावतीस पांच जिल्ह्यांच्या विभागाचे सहायक संचालक, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत जिल्हा ग्रंथालय अधिकारी, अशी देखरेखीची उतरंड लागलेली आहे. म्हणजे वाचनालय आपलें राहिलें, पण पैसा सर्व जनतेचा झाला. ज्या दिवशीं पैसा सर्वांचा झाला, त्या दिवसापासून देवळाच्या पायरीवरचा जाब पुरेनासा झाला आणि कागदाची गरज पडली.

हा पैसा किती आहे तेंहि पाहूं. २०२२ सालीं राज्य सरकारनें अनुदानांत ६० टक्क्यांची वाढ मंजूर केली. जिल्ह्याच्या 'अ' वर्ग वाचनालयाचें वार्षिक अनुदान ७,२०,००० रुपयांवरून ११,५२,००० वर गेलें, आणि खेड्यांतील 'ड' वर्गाचें ३०,००० वरून ४८,००० वर. हा शेवटचा आंकडा वाचकांनीं घरखर्चाच्या वहीप्रमाणें मांडून पाहावा. अर्धी रक्कम वेतनाची धरली तर २४,००० रुपये. बारांनीं भागिलें म्हणजे ग्रंथपालाच्या हातीं दरमहा २,००० पडतात. उरलेल्या २४,००० त वर्तमानपत्रें, मासिकें, जागेचें भाडें, वीज, टपाल आणि पुस्तकें. त्यांतील निम्मी रक्कम पुस्तकांच्या वांट्यास आली, आणि एका पुस्तकास सरासरी ३०० रुपये पडले असें समजूं. वर्षाला पुस्तकें येतील चाळीस. एका गांवाला, एका वर्षाला, चाळीस पुस्तकें! त्यांतील आठ निरुपयोगी निघालीं तर त्या गांवच्या मुलांचें पांचव्या हिश्शाचें वाचन बुडालें. मोठ्या शहरांतल्या वाचनालयास आठ पुस्तकांची चूक पचते. दर्यापूर-तेल्हाऱ्याकडच्या एखाद्या खेड्यास ती पचत नाहीं.

यासाठींच खरेदीच्या व्यवहाराला शिस्त घालून दिलेली आहे, आणि ती शिस्त वाईट नाहीं. समितीनें पुस्तकें निवडावीं, बैठकींत ठराव व्हावा, पक्कें बिल घ्यावें, प्रत्येक पुस्तकास दाखल-क्रमांक द्यावा, तो क्रमांक बिलावर यावा, वर्षाअखेर सनदी लेखापालाकडून हिशेब तपासून घ्यावेत, आणि वार्षिक अहवाल जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे जावा. संचालनालय शासनमान्य ग्रंथांची यादीहि प्रसिद्ध करतें. याखेरीज १९७२ सालीं स्थापन झालेल्या, कलकत्त्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनांतून कांहीं पुस्तकें वाचनालयांस मिळतात. इतकें सर्व असतां तक्रार कशाची? तक्रार ही कीं, हे सर्व कागद बिनचूक असूनहि खरेदी वाईट होऊं शकते. याचा एक अनुभव आम्हांसच आलेला आहे, तो सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं वऱ्हाडांतील एका वाचनालयाच्या ग्रंथनिवड समितींत आम्ही होतों. सूचना-वहींतील मागण्या, सभासदांच्या आवडी, मुलांच्या परीक्षा, सर्व पाहून ११२ पुस्तकांची यादी आम्हीं केली. तींत एका निवृत्त शिक्षिकाबाईंची मागणी होती. एका तीन खंडांच्या ग्रंथाचा पहिला खंड त्यांनीं आमच्याच वाचनालयांतून नेऊन वाचला होता. 'दुसरा खंड मागवावा, ही विनंति' असें त्यांनीं सूचना-वहींत तीन वेळां लिहिलें होतें. तिसऱ्या वेळीं 'वय झालें आहे' एवढे तीन शब्द अधिक होते.

फेब्रुवारींत मागणीपत्र गेलें. खोकीं आलीं २८ मार्चला. पैसे ३१ च्या आंत खर्ची टाकावयाचे, म्हणून आम्हीं आधीं धनादेश दिला आणि मग खोकीं उघडलीं. १९ पुस्तकें यादींतलीं नव्हतींच. मागणींतील पुस्तकें उपलब्ध नसल्यामुळें त्याच किंमतीचीं दुसरीं पाठविलीं आहेत, अशी चिठ्ठी सोबत होती. एका शब्दकोशाची आवृत्ति जुनी होती. एका कादंबरींत सोळा पानांचा एक फर्माच नव्हता. आणि बिलांत 'खंड २' असें स्वच्छ लिहिलेलें असतांना हातांत आला तो पुन्हां पहिलाच खंड. बिलाची बेरीज मात्र रुपयापर्यंत जुळत होती, आणि त्या वर्षीं हिशेब-तपासनिसांनीं आमच्या ग्रंथखरेदीवर एकहि शेरा मारला नाहीं!

एप्रिल नोंदी करण्यांत गेला, मे सुटींत गेला, आणि विक्रेत्यांस आमचें पत्र गेलें तें जूनमध्यें. त्यांचें उत्तर सौजन्याचें होतें, पण आम्हांस निरुत्तर करणारें होतें. बदली पुस्तकें पाठवूं नयेत असें आपल्या मागणीपत्रांत कोठेंहि लिहिलेलें नाहीं, माल आपण ठेवून घेतलात, पैसेहि दिलेत, आतां अडीच महिन्यांनीं आम्हीं काय करावें? आम्हीं समितींत बसून तें उत्तर दोन वेळां वाचलें. मागणीपत्र पुन्हां काढून पाहिलें. त्यांत 'खालील ग्रंथ सवलतीच्या दरानें पाठवावेत' या एका ओळीपलीकडे कांहीं नव्हतें. दोष आमचा होता.

त्या दिवसापासून आम्हीं या विषयांतला कायदा वाचूं लागलों, आणि आश्चर्य असें कीं, आम्हांस हवें होतें तें सर्व १९३० च्या वस्तुविक्री कायद्यांत पहिल्यापासूनच होतें. मागितलेल्या मालांत न मागितलेला माल मिसळून आला, तर मागितलेला ठेवून उरलेला नाकारण्याचा, किंवा सर्वच नाकारण्याचा हक्क कलम ३७ नें खरेदीदारास दिलेला आहे. माल तपासून पाहण्याची वाजवी संधि मिळाल्याशिवाय तो स्वीकारला असें धरलें जात नाहीं, हें कलम ४१ सांगतें. परंतु वाजवी मुदत उलटून गेली आणि खरेदीदारानें नकार कळविला नाहीं, तर माल स्वीकारला असें समजावयाचें, हें कलम ४२ चें म्हणणें. आणि वेगळा करार नसेल तर नाकारलेला माल स्वखर्चानें परत पोंचविण्याची जबाबदारीहि खरेदीदारावर नाहीं. नाकारल्याचें कळविलें म्हणजे पुरे, असें कलम ४३ मध्यें आहे. कायद्यानें आमच्या हातीं चारहि चाव्या दिल्या होत्या. आम्हीं जूनपर्यंत झोपलों होतों.

पुढच्या वर्षापासून मागणीपत्रास आम्हीं सहा अटी जोडल्या, आणि विक्रेत्यांची त्यांवर लेखी संमति घेतल्याशिवाय मागणी पक्की केली नाहीं. पहिली अट : यादींत लेखक व ग्रंथनाम यांबरोबर प्रकाशक, आवृत्ति आणि खंडाचा क्रमांक असेल, व त्याबरहुकूमच माल यावा. दुसरी : आमच्या लेखी संमतीवांचून एकाहि पुस्तकाऐवजीं दुसरें येऊं नये. तिसरी : सूट प्रकाशकानें छापलेल्या किंमतीवर द्यावी, वर चिकटविलेली वाढीव किंमत मानली जाणार नाहीं. चौथी : माल डिसेंबरअखेर यावा, तोंपर्यंत न आलेल्या पुस्तकांची मागणी आपोआप रद्द समजावी. पांचवी : फर्मा गळालेली, पानें उलटसुलट बांधलेली वा फाटकी प्रत विक्रेत्यानें आपल्या खर्चानें बदलून द्यावी. सहावी : माल पोंचल्यापासून पंधरा दिवसांत आम्हीं तपासणी करूं, व तपासणीनंतर तीस दिवसांत पैसे देऊं.

चौथ्या अटीमुळें सर्वांत अधिक फरक पडला. मार्चची घाई हीच पुष्कळशा दोषांची जननी आहे. डिसेंबरांत माल आला म्हणजे जानेवारींत खोकीं शांतपणें उघडतां येतात, आणि रद्द झालेल्या पुस्तकांच्या पैशांत दुसरीं पुस्तकें घेण्यास दोन महिने हातीं उरतात.

आतां सवलतीविषयीं दोन शब्द. समितींतील सभासदांस सर्वांत अधिक भुरळ पडते ती सवलतीच्या टक्क्यांची. समजा, एका विक्रेत्यानें दोनशें पानांचें, २०० रुपये छापील किंमतीचें पुस्तक १० टक्के सवलतीनें दिलें. तें पडलें १८० रुपयांस. दुसऱ्यानें एकशेंवीस पानांचें, ५०० रुपये छापील किंमतीचें पुस्तक ५० टक्के सवलतीनें दिलें. तें पडलें २५० रुपयांस. सभेंत टाळ्या दुसऱ्यास मिळतात, आणि अहवालांतहि 'भरघोस सवलत मिळविली' असें छापलें जातें. कांहीं पुस्तकें तर वाचकांसाठीं छापलींच जात नाहींत. तीं वाचनालयांच्या खरेदीसाठींच, सवलत आधींच किंमतींत मिळवून छापलीं जातात. यावर उपाय साधा आहे. टक्के बाजूस ठेवून हातीं पडणारी निव्वळ किंमत व पानांची संख्या यांचें गणित करावें, आणि तेंच पुस्तक बाजारांत सामान्य गिऱ्हाइकास काय दरानें मिळतें तें विचारावें. छापील पुस्तकांवर वस्तु व सेवा कर नाहीं. बिलांत तशी आकारणी दिसली तर तीहि विचारावी.

दरपत्रकें मागविण्याचा प्रघातहि येथें जपून पाळावा लागतो. खुर्च्या दहा कारखाने करतात, म्हणून दहा दर तोलतां येतात. एक ग्रंथ मात्र एकच प्रकाशक काढतो. तेव्हां दरपत्रक मागवावयाचें तें आपल्या ठरलेल्या यादीचें. 'अमुक हजारांचीं पुस्तकें कोण स्वस्त देतो' असें विचारलें कीं, ज्याच्या गुदामांत न खपलेला ढीग मोठा, तोच सर्वांत स्वस्त ठरणार! यादी आधीं, दर मागाहून; हा क्रम उलटला कीं निवड समितीची न राहतां विक्रेत्याची होते.

विक्रेत्यांची बाजूहि येथें मांडली पाहिजे. नाहीं तर हा लेख एकांगी होईल. अनुदान हप्त्यांनीं येतें, आणि पुष्कळदां उशिरां येतें. तोंपर्यंत वाचनालय पुस्तकविक्रेत्याची उधारी थांबवून ठेवतें. अमरावतीच्या वा अकोल्याच्या एखाद्या लहान दुकानदारास प्रकाशकाचे पैसे मात्र वेळेवर भरावे लागतात. सहा-सहा महिने अडकलेल्या पैशाचें व्याज तो कोठून काढणार? तो तें सवलत कमी करून काढतो, किंवा न खपलेला माल गठ्ठ्यांत घालून काढतो. म्हणून आमची सहावी अट आम्हीं आपल्यावरहि घालून घेतली होती, आणि ती पाळण्यासाठीं वर्गणीच्या शिल्लकेंतून थोडी रक्कम ग्रंथखरेदीसाठीं वेगळी काढून ठेवीत असूं. पैसे वेळेवर मिळूं लागले तसे तेच विक्रेते नव्या आवृत्तीची बातमी आपण होऊन कळवूं लागले. करार पाळावयाचा तो दोघांनींहि.

कागदावरच नियम पाळल्यानें काय होतें, हें महाराष्ट्रानें एकदां पाहिलें आहे. २०१२ सालीं महसूल खात्यामार्फत राज्यांतील वाचनालयांची सरसकट पडताळणी झाली. अनेक ठिकाणीं अहवालांतलें वाचनालय आणि जाग्यावरचें वाचनालय यांत अंतर आढळलें. त्याचें प्रायश्चित्त सर्वांसच भोगावें लागलें. नव्या मान्यता आणि वर्गवाढ पुढें अनेक वर्षें अडून राहिल्या. ज्यांचीं कपाटें भरलेलीं होतीं त्यांनाहि, ज्यांचे फक्त कागद भरलेले होते त्यांच्या रांगेंत उभें राहावें लागलें.

नियमांच्या भीतीनें दुसऱ्या टोकालाहि जातां कामा नये. कित्येक ठिकाणीं 'पुस्तक हरवलें तर भरून द्यावें लागेल' या धास्तीनें चांगलीं पुस्तकें कुलुपांतच राहतात. केंद्र सरकारचे २०१७ चे सामान्य वित्तीय नियम आपल्या वाचनालयांस थेट लागू नाहींत; परंतु त्यांतील दृष्टि घेण्यासारखी आहे. वर्षभरांत दिल्या-वाचल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागें पांच ग्रंथ गहाळ झाले, आणि त्यांत अप्रामाणिकपणा वा हयगय नसेल, तर ती घट ते नियम वाजवी समजतात. चौकशी अटळ आहे ती १,००० रुपयांहून अधिक किंमतीच्या आणि दुर्मिळ ग्रंथांची. ग्रंथ वापरानें झिजणारच, हें सरकारी तिजोरीलाहि मान्य आहे. रंगनाथन यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचीं जीं पांच सूत्रें मांडलीं, त्यांतहि अग्रस्थान ग्रंथाच्या उपयोगालाच आहे. न हरवलेलें पण न वाचलेलें पुस्तक हा मोठा तोटा होय. तो कोणत्याहि हिशेबांत दिसत नाहीं, एवढेंच.

मग आपल्यासारख्या सुशिक्षित कुटुंबांनीं काय करावें? आम्ही मोठें कांहीं सुचवीत नाहीं. वाचनालयाच्या वार्षिक सभेस घरांतील एका माणसानें तरी जावें, आणि जमाखर्चांतील 'ग्रंथखरेदी' या ओळीवर एक प्रश्न विचारावा : मागितलीं किती, आलीं किती, बदलून आलीं किती? सूचना-वहींत 'चांगलीं पुस्तकें मागवावीं' असें मोघम न लिहितां लेखक, ग्रंथ, प्रकाशक, आवृत्ति लिहावी. निवडसमितींत स्त्रियांस जागा असावी. दुपारीं वाचनालयाचें पुस्तक घरीं कोण वाचतें, हें सर्वांस ठाऊक आहे. आणि खोकीं आलीं म्हणजे एक संध्याकाळ तेथें द्यावी. दोन हजार रुपयांवर राबणाऱ्या ग्रंथपालाकडून, एकट्यानें प्रत्येक पुस्तकाचीं पानें मोजावीं अशी अपेक्षा करणें न्यायाचें नाहीं. घरांतील निवृत्त मामंजी, सुटीवर आलेली भाची, परीक्षा संपलेला धाकटा दीर, यांपैकीं चौघे बसले तर शंभर पुस्तकें दोन तासांत पाहून होतात. आमच्याकडे असा परिपाठ पडला तेव्हां मुलें तपासतां तपासतांच वाचावयास बसत, आणि काम लांबे. पण त्याची तक्रार कोणीं केली नाहीं.

त्या शिक्षिकाबाईंचा दुसरा खंड अखेर आला, तो पुढच्या डिसेंबरांत. मुलाच्या बदलीबरोबर त्या तोंपर्यंत गांव सोडून गेल्या होत्या. पुस्तकावर दाखल-क्रमांक पडला, बिलाशीं तो जुळला, आणि खंड कपाटांत पहिल्या खंडाच्या दोन प्रतींशेजारीं बसला. कागदोपत्रीं त्या व्यवहारांत आजहि कांहीं उणें नाहीं. आम्हीं मात्र त्या कपाटासमोरून जातांना त्या दोन सारख्या प्रती पाहतों, आणि आमच्या हातून काय राहून गेलें तें आठवतें. आपल्या गांवच्या वाचनालयांतहि अशी एखादी जोडी असेल. पुढच्या खेपेस गेलांत म्हणजे कपाट उघडून पाहावें, आणि सापडली तर कार्यवाहांस गोडीनें विचारावें.